धग विझायच्या आत

परत म्हन. न्हाई न्हाई, परत म्हन राधाकिसन, मला नीट ऐकू दे — पोराचे मामा काय म्हनले? "पोरीनं रातीचं काम सोडायचा शब्द दिला तर आमची ना न्हाई." असंच म्हनले? बरं. अन् तू ते ऐकून घेतलं, मान हालवली, अन् नगरावरनं गाडी काढून हितं देवळालीला आला — पेढे घेऊन! ठिव ते पेढे तिकडं. पुडा सोडू नको. मनकर्णे, चहा टाक गं याला, साखर कमी टाक, याचं तोंड आधीच लई गोड झालंय. — उठू नको, बस. तू भावकीतला, धाकल्या भावासारखा, हे स्थळ तूच आनलं, तवा तुला ऐकावं लागंल. रातीचं काम! आरं, तारं दिवसा दिसले असते तर दिवसा केलं असतं तिनं. तिला काय हौस हाय का रातीची?

तुला सगळं मामाच्या तोंडनं कळलंय. तू पाव्हन्यांना बसवून दिलं अन् पुतनीचं डोहाळजेवन हाय म्हनून निघून गेला. पुढं काय झालं ते तू बघितलं का? न्हाई ना? मग मी सांगतो. नगरच्या सावेडीची मंडळी — नवरामुलगा हर्षल, त्याचे आई-वडील, त्याची बहीन, अन् त्याचे ते मामा — बाहेरच्या खोलीत बसल्ते. दिवस मावळला हुता, पोहे झाले. आपली निकिता पुण्यावरनं सकाळीच आल्ती, आईनं नेसवलं ते नेसली, बसली समोर, इचारलं तेवढं सांगत हुती. चांगलं चाललं हुतं, खोटं कशाला बोलू. हर्षलनं काय तरी इचारलं अन् ती हसली बी. अन् तेवढ्यात तिचा फोन वाजला. साधा न्हाई वाजत तो, कंपनीचा भोंगा असतो ना, तसा वाजतो — त्या एकाच कामासाठी तिनं तसा आवाज लावलाय. तिनं बघितलं, अन् उठली. म्हनली, "माफ करा, मला जावं लागेल." मामा म्हनले, "कुठं?" ती म्हनली, "गच्चीवर." आपल्या वस्तीवर खाली एखादा मेसेज येतो तेवढंच, नेट हाय कुठं? गच्चीवर चढावं तवा कुठं दोन काड्या.

मी गेलो मागनं. म्हनलं, निके, काय झालं? तर ती लॅपटॉप उघडीत म्हनली, "अण्णा, गॅमा किरणांचा स्फोट झालाय. आखूड." मला काय कळतंय त्यातलं — ती सांगती तेवढंच. दोन मेलेले तारे एकमेकाभवती फिरत फिरत शेवटाला टकरतात, लई लांब, इतक्या लांब की तो उजेड निघाला तवा हितं मानूस बी नव्हता. अन् ती टक्कर दिसती किती येळ? डोळ्याची पापनी लवावी तेवढाच. वरचा उपग्रह ती चमक धरतो अन् जगभर सांगतो — अमक्या बाजूला झालं. बास. चमक गेलेली असती. पन मागं धग राहती. चुलीतली लाकडं विझली तरी राखंत धग राहती का न्हाई, तशी. ती धग दुर्बिनीनं हुडकायची असती — अन् ती बी दर घडीला कमी कमी हुत जाती. आता तू म्हनशील, मग हुडकू द्या की दुसऱ्या कोनाला, जगात काय दुर्बिनी कमी हायत? हेच मामा म्हनले. आरं पन ऐक ना! तो आभाळाचा तुकडा पश्चिमेला हुता, खाली, मावळतीकडं. जपानाकडं तो मावळून गेलेला. युरोपात अजून ऊन. अंधार अन् तो तुकडा, दोन्ही एकदम फक्त आपल्या बाजूला — अन् ते बी थोडाच येळ, मग तो डोंगराआड जानार. हिमालयात त्यांची एक दुर्बीन हाय, अन् तिच्यापाशी हेलन बसलेली, निकितासंगं काम करती, आपल्या नगरचीच हाय ती — ती दुर्बीन फिरवनार, अन् त्या दिवशी फोटो तपासायची पाळी निकिताची. दुसरं कोनी न्हाईच. समजलं? न्हाई समजलं तरी मान हालव.

तर गच्चीवर. काय तमाशा सांगू — पोरगी भरजरी साडीत, लॅपटॉप टोमॅटोच्या क्रेटवर, अन् फोनची रेंज येती-जाती. मी म्हनलं, आन इकडं. पान्याच्या टाकीवर चढलो, अन् फोन धरला वर. हात खाली घेतला की गेलं. म्हनून खाली घेतलाच न्हाई. आभाळ कसलं निवळ हुतं — ऊस तुटून गेलेला, समोर काय आडवं न्हाई, कारखान्याचा धूर तेवढा एका बाजूला. हेलन फोनच्या स्पीकरवर आकडे सांगती, निकिता उत्तर देती, अन् तो फोटो लॅपटॉपवर उतरायला लागला तर असा — वरनं एक पट्टी आली, थांबला. दुसरी पट्टी आली, थांबला. मनकर्णा जिन्यातनं म्हनती, "आवो, पाव्हने चुळबूळ करायला लागलेत." मी म्हनलं, पोहे दे अजून. ती म्हनली, पोहे संपलेत. मी म्हनलं, मग कर!

मग आले मामा वर. गळ्यात साखळी, घाम पुसत. म्हनतात, "रंगनाथराव, आमाला पोरगी दाखवायला बोलावलं का दुर्बीन?" मी टाकीवर उभा, हात वर, म्हनलं, "पाव्हनं, जरा दम धरा, हे झालं की येतो." तर खाली निकिताकडं बघून म्हनले, "असे फोन रातीबेराती नेहमीच येतात का?" ती म्हनली, "हो, कधीपण येतात." तर म्हनले — ऐक हां — म्हनले, "कुनाचे येतात?"

कुनाचे!

राधाकिसन, तो एक शब्द. तो तुझ्या लेकीला कोनी म्हनला असता तर तू काय केलं असतं? माझा हात वर हुता म्हनून, न्हाईतर — पन हात खाली घेतला असता तर फोटो थांबला असता. म्हनून मी हात वरच ठिवला अन् गप बसलो. हे तुला सांगतो, माझ्यासारख्या मानसानं गप बसायचं म्हनजे काय ते. आरं, त्या टकरीतनं सोनं तयार हुतं म्हने, निकिता सांगती, जगातलं लई सोनं असंच झालंय. मला वाटलं म्हनावं, मामा, ती गळ्यातली साखळी आलीय ना, ती बी असल्याच कुठल्या तरी टकरीतनं आलीय, अन् तुमी इचारता फोन कुनाचे! न्हाई म्हनलो. पाव्हने म्हनून न्हाई म्हनलो. आता म्हनतो. तू जाऊन सांग त्यांना.

काय? हर्षल? हर्षलचं काय? — आला हुता वर. मामा खाली गेल्यावर आला. खोटं न्हाई बोलनार, पोरगा वाईट न्हाई. वर आला, कठड्यापाशी उभा राहिला. तेवढ्यात फोटो पुरा उतरला. तिनं एका बाजूला जुना फोटो ठिवला, त्याच जागंचा, अन् एका बाजूला नवा. नुसते राळ्याचे बारीक दाने सांडल्यासारखे ठिपके. ती बघती, बोट फिरवती, बघती — अन् एकदम थांबली. एक पुसट डाग हुता, ती म्हनली ती दीर्घिका, लांबची. अन् त्याच्या कडंला एक ठिपका. जुन्या फोटोत नसलेला. अन् तिनं लॅपटॉप वळवला — तिकडं वळवला. त्याच्याकडं. मी टाकीवर उभा, हात भरून आलेला, मान वाकडी करून बघतोय, अन् तिनं पहिल्यांदा दाखवलं त्याला. तो म्हनला, "हा का?" अन् भलतीकडंच बोट ठिवलं. तर ती हसली, त्याचं बोट धरलं अन् नीट जागंवर नेलं. "हा." — मी बघितलं ते. मला दिसलं सगळं. पोरीचं तोंड... असं तोंड तिचं दहावीच्या निकालाला बी न्हाई, नोकरी लागली तवा बी न्हाई.

अन् खालनं मामानं हाक मारली. एकच हाक, "हर्षल!" अन् तो गेला. तिला म्हनला, "थांबलेत खाली," अन् गेला. आता ह्यात चूक काय म्हनशील तू — थोरल्यांनी हाक मारली, पोरगा गेला. पन दुसरा फोटो यायचा हुता रं! पहिल्या फोटोनं काय कळतं? ठिपका दुसराच कसला असू शकतो. दुसऱ्यात तो बारीक झाला तरच ती धग. थोडा येळ थांबला असता तर त्यानं बी बघितलं असतं. दुसरा आला तवा आमी दोघंच. ठिपका बारीक झालेला. तिकडं हेलन फोनात ओरडती, हिकडं ही ओरडती, खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज. तिनं लगेच टाइप करून सगळ्या जगाला कळवलं — हितं बघा, नेमकं हितं. मग अंधार जसा जसा पुढं सरकला तसं त्या त्या देशांनी आपापल्या मोठ्या दुर्बिनी त्या जागंवर लावल्या. तिनं सांगितलं तिथं! आपल्या टोमॅटोच्या क्रेटवरनं सांगितलं तिथं! अन् हे झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं अन् मला इचारलं, "अण्णा, गेले का ते?" म्हनलं, गेले. तर म्हनली, "हर्षल पण?"

हं. — घे चहा.

तर आता तू सांग. ह्या पोरीनं शब्द द्यायचा की फोन वाजला तर मी उचलनार न्हाई? मामानं म्हनायचं, सूनबाई झोपा, अन् तिनं कूस बदलायची? म्हनजे आभाळात काय व्हायचं ते सावेडीच्या फ्लॅटला इचारून व्हावं! न्हाई. हे स्थळ मोडलं. माझ्या बाजूनं मोडलं. जाऊन सांग, रंगनाथ न्हाई म्हनला, अन् हात जोडून न्हाई, तोंडावर न्हाई म्हनला. ती व्हय म्हनली म्हनून काय मी —

काय? कोन व्हय म्हनलं? मी? मी असं म्हनलोच न्हाई. तू ऐकलं चुकीचं. ... मनकर्णे, तू मधी बोलू नको. आत जा.

बरं. ऐकलं ना, मग ऐक. आज सकाळी मी गच्चीवर हुतो तवा फोन आल्ता तिचा. मामाचं म्हननं तुझ्या आधीच कळलंय मला, हर्षलनं तिला सोता सांगितलं, बोलतात दोघं फोनवर. म्हनली, "अण्णा, ते म्हणतात तसं करू. रात्रीचे इशारे हेलन बघेल. मी दिवसा बसून जुने फोटो तपासेन. चालेल मला." चालंल! मी आयुष्यात लई वेळा म्हनलोय चालंल. विहिरीला पानी कमी लागलं, म्हनलो चालंल. वाटनीत खडकाळ तुकडा आला, म्हनलो चालंल. तो शब्द कवा निघतो मला ठावं हाय ना! त्याच शब्दाचा राग हाय मला, राधाकिसन — मामाचा काय, मामा गेला उडत. तिचा राग हाय. जिनं मला टाकीवर उभं केलं, पाव्हने रुसू दिले, माझा हात दोन दिवस वर हुत नव्हता — ती म्हनती चालंल? कुनासाठी? एका हाकंला खाली गेला त्याच्यासाठी? आईचा जीव लागून राहिलाय, वय चाललंय, म्हनून? ह्या घरात तिला कोनी इचारलं का कधी, की तुला काय पायजे? त्या मामानं इचारलं? हर्षलनं इचारलं? सगळे आपले अटी घालतात. तिला कोनी इचारलंच न्हाई!

काय म्हनला?

मी? मी इचारलं का?

...

मी फोन ठिवला. ती चालंल म्हनली, अन् मी न्हाई म्हनलो, अन् ठिवला.

...

बघू नको माझ्याकडं असा. चहा झाला ना तुझा? मग ऊठ. पेढे घेऊन जा. न्हाई — राहू दे, ठिव तिथंच. काय सांगू म्हनजे? काय बी सांगू नको त्यांना. व्हय बी सांगू नको, न्हाई बी सांगू नको. जा म्हनतो ना. मला गच्चीवर जायचंय, फोन लावायचाय.