तिरोडकर सरांची पाळी

तिरोडकर काकू, शाळेतले सर आणि बाई, माझ्या युनिटमधल्या बंधूंनो,

मशीन बंद असली की या शेडमध्ये किती शांत वाटतं, ते मला आजच कळलं. मला माल विकताना बोलता येतं. असं उभं राहून बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

तिरोडकर सर गुरुवारी गेले. शाळेत, तास संपवून खुर्चीत बसले आणि गेले. तार मिळताच कोकणातून त्यांची माणसं निघाली आहेत, अजून रस्त्यात आहेत. पण आज शनिवार. शनिवारी सर कुठं असायचे? इथं. म्हणून म्हटलं, सभा इथंच घेऊ.

मी शहाद्याकडचा. सिल्वासात हमालीला आलो, आज इथं, शेजारच्या सायली गावात, माझ्या युनिटमध्ये प्लास्टिकच्या बादल्या निघतात. सर सिल्वासातच, डोकमर्डीला राहायचे. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी सायकल मारत इथं यायचे, जेवणाच्या सुट्टीत माझ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायला. पहिले काही शनिवार कोणी तोंडच उघडलं नाही. सरांची भाषा पुस्तकातल्यासारखी आणि आमची अहिराणी. कोण हसू करून घेणार?

मग एके दिवशी सरांनी पाटी-पेन्सिल बाजूला ठेवली आणि वेल्सची गोष्ट काढली. इंग्लंडला लागून डोंगराळ मुलूख आहे, तिथली भाषा वेगळी. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तिथल्या शाळेत पोरगं घरच्या भाषेत बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. दुसरं कोणी बोललं की फळी त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात फळी, त्या पोराला मार. वर सरकारी साहेब येऊन लिहून गेले, की ही माणसं मागास आहेत, कारण यांची भाषा.

माझ्या मशीनवरच्या भिकाभाऊंनी भाकरीचा घास हातातच धरला होता. म्हणाले, "मंग त्या पोरेसनी काय कयं, सर?"

सर म्हणाले, "मोठी झाली. दगडाच्या खाणीत कामाला गेली. आणि जेवणाच्या सुट्टीत खोपटात बसून गायला लागली. स्वतःच्या भाषेत. कविता म्हणायची, वाद घालायची, पैजा लावायची. गावोगावी मोठे मेळे भरायचे, आणि ज्याची कविता सरस त्याला खुर्चीत बसवायचे. खाणीतला मजूर, पण खुर्ची त्याची!"

बस्स. पुढच्या शनिवारपासून ही शेड म्हणजे वेल्सची खाण झाली. नियम एकच : घरची बोली. भिकाभाऊंनी पहिल्या दिवशी, न चालणाऱ्या बैलाला त्यांचे वडील काय काय बोलायचे, ते सगळं म्हणून दाखवलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. खुर्ची कुठली? माझ्या ऑफिसातली, फिरती. भिकाभाऊ खुर्चीत आणि मी उभा. तेवढ्यात वापीचा एक नवा व्यापारी आला, भिकाभाऊंनाच मालक समजून, माल कधी मिळेल म्हणून हात जोडून गुजरातीत विचारू लागला, "शेठ, माल क्यारे मळशे?" भिकाभाऊ जरासुद्धा हलले नाहीत. "जेई ले पहिले," म्हणाले, "मंग देखसू!" आणि त्या माणसाला खरोखर जेवायला बसवलं. सर त्या दिवशी जसे हसले, तसं हसताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

पण माझे कान तिखट आहेत. मशीनचा आवाज बदलला तर मला झोपेतून जाग येते. एकदा याच गेटवर सरांची सायकल घसरली. गुडघा फुटला, आणि तोंडातून निघालं, "आवशी गे!" ती पुस्तकातली भाषा नव्हती. मी ऐकलं. सायकल उचलून दिली.

गेल्या शनिवारी भिकाभाऊंनी विचारलंच. "सर, तुम्ही आमनं समदं ऐकतस. तुमनी बोली कोनती शे?"

सर हळूच म्हणाले, "मालवणी. लहानपणी वर्गात बोललो, तर मास्तरांनी मला बाकावर उभं करून सगळ्या वर्गाला हसायला लावलं. त्या दिवसापासून चारचौघांत तोंडात आणली नाही. आई होती तोवर तिच्यापाशी बोलायचो. ती गेली, मग संपलं."

म्हणजे बघा. दुसऱ्यांच्या गळ्यातली फळी हा माणूस काढत राहिला. स्वतःच्या गळ्यातली कोणाला दिसली?

निघताना माझ्यापाशी आले. "गुलाबराव, पुढच्या शनिवारी माझी पाळी धरा. शेवटची ठेवा. भीती वाटते हो."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला कसली भीती?" तोवर त्यांनी पायडल मारलं होतं.

काकू मूळच्या नागपूरच्या. काल मला म्हणाल्या, "भाऊ, इतका संसार झाला, पण या आठवड्यात यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ती भाषा ऐकली. सकाळी झाडांना पाणी घालताना एकटेच बोलायचे. थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मला त्यातलं एकच कळलं, 'आये'."

सर काय म्हणणार होते? गाणं होतं, गोष्ट होती, की आईशी बोलणं होतं? ते आता कोणाला कळायचं नाही. मी रात्रंदिवस कान लावून बसलो तरी नाही. हे मला सोसत नाही, मित्रांनो. दारापर्यंत आलेला माणूस आत यायचा राहिला.

मी पाळी धरली होती. ती मी खोडणार नाही.

सगळे उभे राहा. कोणी काही म्हणू नका. ही शांतता श्रद्धांजलीची नाही, ऐकण्याची आहे. आजवर इथं सगळ्यांचं म्हणून झालं, आता शेवटची पाळी तिरोडकर सरांची.

बोला, सर. इथं कोणी हसणार नाही.