मान न वळवता

रेजायना शहरातल्या एका मणके बसवणाऱ्याकडे मान बसवून घेतली, की अर्धा तास समोर बघत बसावं लागे. म्हातारा एल्मर आपल्या पाळीची वाट बघत पुस्तक उघडून बसला होता. शेजारी दर गुरुवारी येणारा ऑरेस्ट आणि त्याची बायको वर्ना बोलत होते. न ऐकण्याचा त्याने प्रयत्न करून पाहिला.

"वळू नकोस, वर्ना."

"भिंतीकडेच बघतेय."

"पायाच्या मुंग्या?"

"कमी आहेत."

"बघ. मान सरळ झाली की मेंदूकडं रक्त नीट जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस काय अन् काय, सगळं तिथंच अडलेलं असतं. तुझं ते हॉस्पिटलातलं सलाइन आता बंदच करू. उद्या फोन करतो."

"नको करूस."

"का?"

"मुंग्या कमी नाहीत झालेल्या."

"आत्ता तर म्हणालीस."

"बर्फातून एवढी गाडी हाकतोस. नाही कसं म्हणू?"

"म्हणजे मागच्या वेळीही?"

"पहिल्यापासूनच. मान वळवायची नाही म्हणून सांगू शकले. तुझं तोंड दिसलं असतं तर आजही कमीच म्हटलं असतं."

एल्मरने पान उलटलं नाही.

"मग यायचीस कशाला?"

"घरी तू गप्प असतोस, ऑरेस्ट. गाडीत बोलतोस."

"काय बोलतो मी? गव्हाचं, नाहीतर ट्रॅक्टरचं."

"तेच."

"सलाइन चालू ठेवू मग."

"हो."

"आणि पुढच्या गुरुवारी?"

"गुरुवारी काय?"

"गाडी काढायची ना? कुठं जायचं ते तू सांग."