अंबाडा तपासायचा राहिला

सन्माननीय अध्यक्ष कुलगुरू महोदय, वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख बाई, व्यासपीठावरील मान्यवर, बागेतले माझे सोबती, आणि दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले मित्रहो! तुम्ही तिथेच का बसलात, ते मला ठाऊक आहे. चहा तिकडूनच येणार आहे.

पुष्पगुच्छ दिलात, आभारी आहे. पण यातली पांढरी फुलं आपल्याच तळ्याकाठच्या वाफ्यातली आहेत. कुणी तोडली? निवृत्तीच्या सत्काराचा दिवस आहे, नाव घेत नाही. जो आत्ता छताकडे बघायला लागलाय, त्याच्याशी उद्या बोलेन.

मानपत्रात वाचलं गेलं, की काचघरातली दुर्मिळ वेल या हेडमाळ्यानं एकतीस वर्षं जिवापाड जपली. ऐकायला गोड वाटलं हो. पण असला खोटा कागद भिंतीवर लावून मला घरात झोप यायची नाही. ती वेल मीच मारली.

आता सांगतो. दर शनिवारी पाहुण्यांची फेरी निघते. पुढे माहिती सांगणाऱ्या ताई, शेपटाला मी. ताईंचं लक्ष झाडांवर, माझं लोकांच्या हातांवर, कोण डहाळी खुडतोय म्हणून. आभाळात ढग नाही, तर छत्री कशाला? ज्याला झाडाचं नावसुद्धा विचारायचं नाही, तो पानापाशी एवढा वाकतो कशाला? आमची ही म्हणायची, "अहो, दोन डोळे आहेत, त्यातला एक तरी झाडं बघायला ठेवा!"

आठ वर्षांपूर्वी एक शाळेतल्या बाई वर्ग घेऊन आल्या. वेलीपाशी जरा जास्तच रेंगाळल्या. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. फाटकावर, त्यांच्याच मुलांसमोर, मी त्यांची पिशवी उलटी केली. डबा उघडला, छत्री झटकली. निघालं काय? खडू, चष्म्याचं घर आणि अर्धं सफरचंद. बाई लालबुंद झाल्या, वाकून खडू गोळा करायला लागल्या. मुलं माना खाली घालून उभी होती.

तरी माझा संशय जाईना. दुसऱ्याच दिवशी काचघराला कुलूप ठोकलं. चावी एकच, माझ्या कमरेला.

दोन वर्षांनी मुलीचं बाळंतपण अडलं, निरोप आला, तसाच धावत गेलो. चावी कमरेलाच! अकरा दिवसांनी परतलो. बाहेर माझे सोबती पाण्याची नळी हातात धरून उभे, आत वेल वाळून काडी झालेली. कुलूप तोडायची कुणाची छाती झाली नाही. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत. त्यांचा काय दोष?

मी कुणाला कळू दिलं नाही. फेरीत ताईंना सांगायला लावलं, वेल विश्रांती घेतेय. एका शनिवारी त्याच बाई आल्या. काचेतून बराच वेळ बघत राहिल्या आणि निघून गेल्या. पुढच्या शनिवारी फाटकावर माझ्यापुढे पिशवी धरून म्हणाल्या, "दादा, तपासा."

आत कुंडी होती. कुंडीत तीच वेल, हातभर वाढलेली, हिरवीगार.

"त्या दिवशी सगळं तपासलंत," बाई म्हणाल्या, "अंबाडा तेवढा राहिला."

अंबाड्यात खोवलेली डहाळी! माझ्या नाकासमोरून गेली होती. म्हणजे संशय बरोबर होता, हे कृपया लक्षात घ्या. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "चोर!" बाई म्हणाल्या, "चोर तर चोर. दिवसाआड पाणी घाला, आणि दार उघडं ठेवत जा. वारा लागतो तिला." मी तिथेच फाटकाच्या कठड्यावर बसून रडलो.

आज काचघरात आहे ती बाईंची वेल. मानपत्रात तेवढी दुरुस्ती करावी, ही अध्यक्षांना विनंती. त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. अपमान चारचौघांत केला, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. बाई, चोरी तुमची, पण चुकलो मी.

कुलगुरू महोदय, ही चावी. आता हिला कुलूप देऊ नका.

आपण सगळ्यांनी मला इतकी वर्षं सहन केलंत, मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, कुणाची पिशवी विनाकारण उलटी केली असेल, तर पोटात घाला. बाहेर टेबलावर वेलीच्या साठ डहाळ्या ओल्या फडक्यात ठेवल्यात. फाटकावर आज शेवटच्या वेळी मीच उभा राहणार आहे, आणि पिशव्या तपासणार आहे. रिकामी पिशवी घेऊन जाणाऱ्याला मी सोडणार नाही.