सोललेला राजमा

हिंदी मुलखातल्या शास्त्री नगरमधल्या दातांच्या दवाखान्यात गिरिजा आपला नंबर यायची वाट बघत होती. समोरच्या बाकावरचं म्हातारं जोडपं चक्क मराठीत बोलायला लागलं, तसा तिने हातातला मोबाईल हळूच पालथा ठेवला.

"अहो, कालचं राजम्याचं सूप इतकं मऊ कसं झालं? दाताखाली सालाचा कण नाही."

"दात आहेत कुठे तुला?"

"बरं, हिरड्यांखाली. सांगा ना."

"सालं काढली मी."

"सगळ्या राजम्याची?"

"भिजवला, फडक्यात बांधून ठेवला, तर मोडच येईनात. म्हटलं, निदान सोलून तरी घेऊ."

"राजमा कुणी सोलतं का हो?"

"तू वाल सोलतेस की, उसळ करताना. मला वाटलं, सगळं तसंच करायचं असतं."

"आणि मला म्हणालात, पेपर घेऊन बसलोय."

"पेपरवरच सोलत होतो."

"गाजर, दुधी, कोबी, तेही तुम्हीच चिरलंत?"

"मग काय शेजारच्या भाभीजी येणार होत्या?"

"छान झालं होतं. मीठ जरा कमी होतं."

"आज नीट घातलं असतं. पण आता कवळी बसली की तू भाकरी मागशील. सूप कशाला लागतंय?"

तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली. "रमाजी, आइए. आपके दाँत तैयार हैं."

रमाबाई उठल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "आजचा राजमा भिजवलाय का?"

"भिजवलाय की. सोलूनही झालाय."

रमाबाई परत खाली बसल्या.

"सिस्टर, दाँत कल बिठाएँगे. आज हमारे घर सूप है."