पलटणीच्या ग्रुपवरचा फोटो

कॅमेऱ्यात फोटो 'रॉ' फाइलमध्ये काढावा का मोबाइलवर उघडणाऱ्या साध्या जेपीईजीत, हे मला विचारू नका, माझ्या चुलत्यांना विचारा. तात्या रिटायर सुभेदार. मी कॉलेज सोडल्यापासून मला अक्कल शिकवायचा ठेका त्यांच्याकडेच आहे.

त्यांची सरहद्दीवरची जुनी चौकी बघायला आम्ही राजस्थानात गेलो. सूर्याकडे पाठ करून ते चौकीसमोर उभे राहिले.

"आवं तात्या, ऊन तोंडावर घ्या."

"मला शिकवतोस व्हय रं?"

फोटोत तोंड काळंठिक्कर आलं.

"धाड ग्रुपवर. पलटणीतली समदी वाट बघत्यात."

"रॉ हाय, तुमच्या मोबाइलवर उघडायचा न्हाई. पण त्यात अंधारातलंबी ऱ्हातं, घरी उजळून देतो."

"कॉलेज न्हाई, आता फोटूबी न्हाई!"

परत गावी, उंब्रजला येईपर्यंत हेच ऐकलं. चूक स्वतःची असली की म्हाताऱ्यांचा आवाज जास्त चढतो.

घरी लॅपटॉपवर मी उजेड वाढवला. काळ्यातून तात्यांचा चेहरा वर आला. दोन्ही गाल ओले होते.

तात्या लॅपटॉपजवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "जेपीईजीत हे दिसलं असतं का रं?"

"न्हाई. तोंड काळंच राहिलं असतं."

"मग तसलाच कर. काळाच धाड."