बुधवारचे पॅनकेक

मॅरेन: दार उघडंच ठेवू ना, कोच?

जोलीन: उघडंच ठेव. सगळ्यांच्या वेळी उघडं होतं. बस.

मॅरेन: उभी राहते. खुर्चीत बसलेल्या मुली जास्त वेळ रडतात, असं तुम्हीच हरुस्का सरांना म्हणाला होतात मागे.

जोलीन: मॅरेन, बस.

मॅरेन: बसले. हं, करा सुरू. 'तू तीन दिवस जीव तोडून खेळलीस, हे मी पाहिलंय.' तिथून सुरुवात असते ना? बाहेर बाकावर बसून मी सगळ्यांचं ऐकलंय. तुमचा आवाज पुढे पुढे बारीक होत जातो, तेवढाच फरक.

जोलीन: हरुस्का सर म्हणत होते, सहायक कोच म्हणून तुझ्याशी ते बोलतील. मी नको म्हटलं.

मॅरेन: का?

जोलीन: व्हॉलीबॉलच्या निवडीला नव्वद मुली आल्या होत्या. प्रत्येकीला मी स्वतः सांगते, समोर बसवून. तुझ्यासाठी वेगळा नियम करायचा नव्हता मला.

मॅरेन: माझ्यासाठी कधीच वेगळा नियम नसतो. मग सांगा की.

जोलीन: तू संघात नाहीस.

मॅरेन: बरं.

जोलीन: मागच्या फळीत एकच जागा होती. ती पायपरला दिलीय. तुला दुसऱ्या संघात घेता येत नाही, तुला माहितीये. बारावीची मुलगी पहिल्या संघात तरी असते, नाहीतर घरी.

मॅरेन: माहितीये. तो नियम पाठच आहे मला. मागच्या वर्षी एरिकाला सांगितला होतात तेव्हा तिला टिश्यूचा डबा मीच आणून दिला होता. हा नंबर काढून देऊ का? पाठीवरचा?

जोलीन: राहू दे आता.

मॅरेन: नको, सगळ्या मुली देऊन जातात. पिनाही परत घेता ना? ही एक वाकलीय, सांभाळून घ्या, टोचेल.

जोलीन: मॅरेन, माझ्याकडे बघ जरा.

मॅरेन: मला सकाळीच कळलं होतं.

जोलीन: कुणी सांगितलं? हरुस्का सरांनी?

मॅरेन: पॅनकेकनी.

जोलीन: काय?

मॅरेन: आपल्याकडे पॅनकेक रविवारी असतात, चर्चहून आल्यावर. आज बुधवार आहे. बुधवारी मी उभ्याउभ्या केळं खाते आणि तू गाडीत बसून हॉर्न वाजवतेस. आज तू लवकर उठून ताकात पीठ भिजवलंस. वर ब्लूबेरी. मला जिन्यातच वास आला. मी तिथेच पायरीवर बसले.

जोलीन: मला वाटलं, पोटभर खाऊन निघावंस.

मॅरेन: बळीच्या बकऱ्यालासुद्धा पोटभर घालतात.

जोलीन: असं बोलू नकोस. आणि इथे मी कोच आहे, हे तूच पाळत आलीस आजवर.

मॅरेन: पॅनकेक कोचने केले होते का?

जोलीन: नाही.

मॅरेन: मग आता आईशीच बोलते. तुला काल रात्री ठरलं तेव्हाच माहीत होतं. हरुस्का सर आणि तू तळघरात बसलात, वर टीव्हीचा आवाज मोठा ठेवलात. आज येताना गाडीत सगळ्या वाटेभर तू मक्यावर बोललीस. पाऊस नाही, कणसं भरली नाहीत, अमक्याचं शेत वाळलं. तुला मक्याचं काय पडलंय गं? जन्मात एक रोप लावलेलं नाहीस तू.

जोलीन: घरी सांगितलं असतं, तर तो बाकीच्या मुलींवर अन्याय झाला असता. त्यांनी इथे येईपर्यंत जीव मुठीत धरायचा आणि माझ्या मुलीला आदल्या रात्रीच कळायचं, हे मला पटेना.

मॅरेन: दुसऱ्या शाळा संकेतस्थळावर नंबर टाकतात. आपला नंबर नसला की फोन उशीखाली ठेवायचा आणि रडायचं. कुणी बघत नाही.

जोलीन: माझ्या वेळी दारावर कागद चिकटवला होता. सगळ्या मुली गोळा झालेल्या. माझं नाव नाही हे माझ्याआधी तिघींनी वाचलं. तेव्हाच ठरवलं होतं, मी कधी कोच झाले तर हे असं करणार नाही.

मॅरेन: कागद बरा होता, आई. कागदाने पॅनकेक केले नसते.

जोलीन: चुकलं माझं. हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, काहीतरी करायला हवं होतं.

मॅरेन: मी तीन खाल्ले. 'छान झालेत' म्हटलं. घास फिरत होता तोंडात, पण तू उलथनं हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होतीस. तुला वाईट वाटेल म्हणून खाल्ले.

जोलीन: तू रागाव. ओरड माझ्यावर. हे असं समजुतीनं बोललीस की मला जास्त त्रास होतो.

मॅरेन: बाहेर बाकावर मुली बसल्यात. ओरडू कशी? एक विचारू? खरं सांगशील?

जोलीन: विचार.

मॅरेन: मी पायपरपेक्षा कमी आहे?

जोलीन: हो.

मॅरेन: कशात?

जोलीन: समोरची सर्व्ह करायला हात उचलते, तेव्हा बॉल सुटायच्या आधीच पायपरचा पाय हललेला असतो. तुझा बॉल सुटल्यावर हलतो. पहिल्या संघाच्या सामन्यात तेवढ्यात पॉइंट गेलेला असतो.

मॅरेन: बॉलकडे नाही, खांद्याकडे बघायचं. सर्व्ह करणारीचा खांदा जिकडे वळतो तिकडे बॉल येतो. हे तिला कुणी शिकवलं, माहितीये?

जोलीन: माहितीये.

मॅरेन: सुट्टीचा अख्खा जून-जुलै. तू म्हणालीस, 'नववीतली नवीन पोर आहे, बुजते, तिला जरा हाताखाली घे.' मी रोज तिला सायकलवरून घेऊन आले. घामानं निथळत, त्या कोपऱ्यातल्या पंख्यापुढे उभं करून तिला खांदा बघायला शिकवलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला मी. मला खांदा दिसतो गं, आई. तिच्याआधी दिसतो. पण पाय ऐकत नाही.

जोलीन: पायाला सवय लागते. जोरदार सर्व्ह वर्षभर अंगावर घ्याव्या लागतात.

मॅरेन: आणि मला त्या का नाही मिळाल्या?

जोलीन: मॅरेन.

मॅरेन: नाही, तू बोल. मी मागचं वर्ष दुसऱ्या संघात का काढलं?

जोलीन: तुला ठाऊक आहे.

मॅरेन: मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. स्वयंपाकघरात उभी राहून काय म्हणाली होतीस? तेव्हा राजमा-खिम्याची चिली शिजत होती, दालचिनीचे रोल ओव्हनमध्ये होते. तेव्हाही काहीतरी चांगलंचुंगलं खायला घालूनच सांगितलंस.

जोलीन: म्हटलं होतं, तू आणि बारावीतली केंड्रा सारख्याच खेळता. तुला घेतलं तर गॅलरीतल्या आया म्हणतील, कोचची मुलगी म्हणून घेतली. यंदा तू थांब.

मॅरेन: पुढे?

जोलीन: पुढच्या वर्षी जागा तुझीच आहे.

मॅरेन: मी 'बरं' म्हटलं होतं.

जोलीन: लगेच म्हटलं होतंस. मला तर वाटलं होतं तू भांडशील.

मॅरेन: भांडायला हवं होतं. वर्षभर दुसऱ्या संघात लोण्यासारख्या मऊ सर्व्ह घेत राहिले. केंड्राला जोरदार मिळत होत्या, मी बाजूला टॉवेल धरून बघत होते. बघून पायाला सवय लागत नाही. मागच्या वर्षी मला घेतलं असतंस तर?

जोलीन: आता त्याचा काय उपयोग?

मॅरेन: मला उपयोग आहे. खरं सांगशील म्हणालीस.

जोलीन: तर आज बहुतेक तूच असतीस. पायपर पुढच्या वर्षी आली असती.

मॅरेन: बहुतेक.

जोलीन: बहुतेक नाही. असतीसच. काल तळघरात हरुस्का सर हेच म्हणाले मला. 'जोलीन, पोरीला तूच मागे ठेवलंस, आणि आता मागे राहिली म्हणून काढतेस.' आणि तरीही आज ती जागा पायपरचीच आहे, हेही तेच म्हणाले.

मॅरेन: लोक काय म्हणतील म्हणून केलंस ना सगळं? आता काय म्हणतील माहितीये? 'बाई किती कठोर, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही.' कौतुक करतील तुझं. दुकानात थांबवून हात हातात घेतील.

जोलीन: नको आहे मला ते कौतुक.

मॅरेन: मलाही नको होतं. मला फक्त तो वेगळ्या रंगाचा शर्ट हवा होता. सगळ्या संघाचा निळा आणि मागच्या फळीतल्या एकटीचा पांढरा. पाच वर्षांची होते, तेव्हापासून.

जोलीन: एक मार्ग आहे. संघाबरोबर राहा. मदतनीस म्हणून. प्रवासाला येशील, बाकावर माझ्या शेजारी बसशील.

मॅरेन: पाणी भरू?

जोलीन: फक्त पाणी नाही. पॉइंटची नोंद, सरावाला बॉल देणं, तुला तर सगळंच येतं.

मॅरेन: सगळं येतं कारण बालवाडीपासून तेच करतेय. बाकीची पोरं पाळणाघरात होती तेव्हा मी या जिममध्ये बॉल गोळा करत होते. नको, आई. दुपारी शाळा सुटली की घरी जाऊन बघेन, लोक दुपारी घरी काय करतात ते.

जोलीन: ऑक्टोबरमध्ये तरी येशील?

मॅरेन: बारावीच्या मुलींच्या रात्री? आई-बाबांच्या मधून चालत मैदानात यायचं, सूर्यफूल घ्यायचं, ती?

जोलीन: तू नसलीस तर मला...

मॅरेन: दरवर्षी फुलांची बादली मीच धरते. कुठली मुलगी रडणार ते बादली धरणारीला आधी कळतं, फूल घेताना ती वर बघतच नाही. मी ठरवून ठेवलं होतं, माझ्या वेळी डाव्या बाजूला बाबा आणि उजवीकडे तू. तू कोच म्हणून समोर उभं राहायचं नाहीस, माझ्याबरोबर चालायचंस, असं तुला सांगणार होते. बाबांनी ट्रकची फेरी बदलून घेतलीय त्या आठवड्याची. जूनमध्येच.

जोलीन: त्यांना मी सांगते आज.

मॅरेन: तू नको. मी सांगेन.

जोलीन: तुझ्यावर का ते ओझं? माझा निर्णय आहे.

मॅरेन: तू सांगितलंस तर ते तुझ्यावर चिडतील. आठवडाभर बोलणार नाहीत, आणि मग घरात जेवणाच्या टेबलावर मला दोघांकडे आळीपाळीनं बघावं लागेल. मी म्हणेन, पायपर जास्त चांगली आहे. खोटं तर नाही ना?

जोलीन: नाही.

मॅरेन: झालं मग. मी गाडीत थांबते. किल्ली दे.

जोलीन: बाहेर आग ओकतंय ऊन. हरुस्का सर तुला घरी सोडतील.

मॅरेन: त्यांच्यासमोर रडावं लागेल. गाडीच्या काचा उघडेन. तू तुझं संपव, अजून बाहेर चौघीजणी आहेत.

जोलीन: मॅरेन, ये ना जरा इकडे. जवळ ये.

मॅरेन: दार उघडं आहे, कोच. बाकीच्या कुणाला जवळ घेतलं नव्हतंत.

जोलीन: नव्हतं घेतलं.

मॅरेन: पुढच्या मुलीला पाठवून देते. पायपरच आहे ना पुढे?

जोलीन: तू राहू दे. मी उठून बोलावते तिला.

मॅरेन: जाणारी मुलगी पुढचीला हाक मारते. तुमचाच नियम. थांबा, चेहरा पुसते. तो टिश्यूचा डबा इकडे सरकवा. आत गेलेली मुलगी रडत बाहेर आली की पुढची आधीच घाबरते, आणि तिला तर आज आनंद व्हायला हवा. दिसतंय का काही?

जोलीन: नाक लाल आहे.

मॅरेन: उन्हाळा आहे, चालतं. संध्याकाळी काय जेवायचं?

जोलीन: तू म्हणशील ते करते.

मॅरेन: काही करू नकोस. फ्रिजमध्ये कालचं आहे, तेच दे.

(मॅरेन जाते. बाहेरून तिचा आवाज आणि एक हसणं ऐकू येतं. मग पायपर दारात.)

पायपर: येऊ, कोच? मॅरेन म्हणाली जा. सकाळपासून काही खाल्लंच नाही मी. आई म्हणाली निदान टोस्ट तरी, पण गेलाच नाही. दार लावू?

जोलीन: उघडं राहू दे.

पायपर: मला माहितीये मी नववीतली आहे. दुसऱ्या संघात टाकलंत तरी चालेल, खरंच. नाहीतर त्याच्याही खाली. मी आईला सांगूनच आलेय.

जोलीन: पायपर, तू पहिल्या संघात आहेस.

पायपर: पहिल्या? म्हणजे मोठ्या मुलींच्या? अगं बाई. मग मी मॅरेनच्या शेजारी उभी राहणार? तिनं सांगितलंसुद्धा नाही मला आत्ता. नुसती हसली, माझा खांदा दाबला आणि म्हणाली, जा, चांगलंच होईल. तिला माहीत होतं ना? मी जाऊन तिला मिठी मारून येऊ पटकन? ती पार्किंगकडेच गेलीय.

जोलीन: नको. खुर्ची घे, बस जरा. तुला अजून एक सांगायचंय.

पायपर: काही वाईट आहे का, कोच?

जोलीन: तुझ्यासाठी नाही.