पोटाचं ऑपरेशन

खिडकीतून रोग्यांची दुखणी ओरडून विचारायचा नियम करणाऱ्या साहेबांनो, दोष तुमचाच आहे. काल गुडघेदुखीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. कारकून धाकटीला विचारत होता.

"आधी काही ऑपरेशन?"

"पोटाचं."

"म्हणजे सिझर. लिहिलं. पुढे चला."

थोरली हललीच नाही. "सिझर कुठलं गं? वजनासाठी जठर कापून लहान केलंय, ते सांग."

"हळू, ताई. मागे बाकावर जाऊबाई आहेत. घरात सगळ्यांना वाटतं, मी चालून बारीक झाले."

"आणि नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या म्हणजे? त्या गोळ्यांनी आतून रक्तस्राव होईल म्हणून ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी बजावलंय ना तुला?"

"आत डॉक्टरांना सांगते."

"मागच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"दार उघडं होतं."

"जीव गेला तरी चालेल, जाऊबाईंना कळायला नको."

"अगं, माझं बघून त्याही रोज चार मैल चालतात."

कारकून वैतागला. "बाई, सिझर ठेवू की खोडू? मोठ्याने बोला."

धाकटीने एकदा बाकाकडे पाहिलं. "ठेवा."

साहेब, तुमच्या एवढ्या मोठ्या इमारतीत लागणारं एक तरी दार आहे का? उत्तर द्या.